वरच्या मुठीची चौकशी

शशिधरराव घुगरे पुण्याहून प्रमाणपत्र घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत गल्लीत ते न पाहिलेली दोनच माणसं उरली होती. एक म्हणजे अंथरुणाला खिळलेले बिद्रे आजोबा आणि दुसरा त्यांचं पथ्यपाणी बघणारा जावई. त्या दोघांना शशिधररावांनी साडेदहाला घरात जाऊन गाठलं. आजोबांनी चष्मा लावला, प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि "मुलगी कुठली?" असं विचारलं. त्यांना ती लग्नपत्रिका वाटली. आजोबांच्या बाजूने एवढंच सांगायला हवं की प्रमाणपत्राला सोनेरी किनार होती आणि वर गणपतीसारखं काहीतरी छापलं होतं. ते संस्थेचं बोधचिन्ह होतं.

खाली मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'दुकानातील मालाची घट : चौकशी आणि मुलाखतीचे तंत्र. दोन दिवसांचे व्यावसायिक प्रशिक्षण.' आता कोल्हापुरात चौकशीचं प्रशिक्षण कशाला लागतं, असं कुणी विचारेल. इथे माणूस रिक्षातून उतरायच्या आत त्याचं गाव, पगार आणि पाहुणे कोण हे तिघांना कळलेलं असतं. पण ती हौशी चौकशी झाली. शशिधररावांची धंदेवाईक होती.

शशिधरराव चन्नाप्पा बझारात फ्लोअर इनचार्ज होते. फ्लोअर इनचार्ज म्हणजे साबण कुठल्या रांगेत आहे ते सांगणारा माणूस, असं त्यांची बायको शिवगंगा माहेरी नेसरीला सांगायची. एके काळी हे चन्नाप्पाअण्णांचं लक्ष्मीपुरीतलं किराणा दुकान होतं. मग अण्णांचा मुलगा संगमेश शिकून आला आणि दुकानाचा राजारामपुरीत दुमजली बझार झाला. सगळा माल पॅकबंद झाला. अण्णांनी हट्टाने एकच काउंटर सुटं ठेवायला लावलं, शेंगदाणे आणि चुरमुऱ्यांचं. शेंगदाणा चावून बघितल्याशिवाय घेणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय, हे त्यांचं म्हणणं होतं. त्या काउंटरवर लक्ष्मीपुरीच्या दुकानापासूनच्या मेहमुदाआपा बसत. संगमेशने त्यांच्यापुढे नवा वजनकाटा आणून ठेवला. त्यावर पिशवी ठेवली की किमतीचं स्टिकर बाहेर यायचं.

त्या काट्याला आठ महिने झाले होते, आणि आठही महिने विक्रीच्या हिशेबापेक्षा शेंगदाणे कमी भरत होते. महिन्याला चाळीस किलो. चुरमुऱ्यांचं काय होत होतं ते कुणी बघत नव्हतं, कारण चुरमुऱ्याला मुळात वजनच नसतं.

"काका," संगमेश म्हणाला, "त्या काउंटरवर एकच माणूस बसतं. मी काही बोलत नाही. पण तुम्ही पुण्याला जाऊन रीतसर शिकून या आणि शनिवारी संध्याकाळी पाचला मला लेखी कबुली द्या. छडा लागला तर नव्या शाखेत तुम्हाला चौकशी अधिकारी करतो. नाही लागला तर मेहमुदाआपांना घरी बसायला सांगावं लागेल. मला तरी दुसरा इलाज दिसत नाही."

शशिधररावांच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या, आणि कुठली आधी आली याची त्यांना नंतर लाज वाटली. एक म्हणजे दारावरची 'चौकशी अधिकारी' ही पाटी. दुसरी म्हणजे मेहमुदाआपांची मुलगी नुजहत, जी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एकोणीस वर्षांपूर्वी शशिधरराव दुकानात लागले तेव्हा पुडी कशी बांधायची ते आपांनीच त्यांना शिकवलं होतं. पहिल्या महिन्यात त्यांच्या सगळ्या पुड्या मंडईच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन सुटायच्या.

पुण्याच्या सरांनी अंगात कोट घालून चार गोष्टी शिकवल्या. आरोप करायचा नाही. मध्ये टेबल ठेवायचं नाही. आधी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. मग एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. "माणसाला शांतता सोसत नाही," सर म्हणाले. "तो ती भरून काढायला जातो, आणि भरताना खरं सांडतं." हे वाक्य शशिधररावांनी वहीत तीन वेळा लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पाचवी गोष्ट होती, पण गुलाबजामची दुसरी फेरी आली आणि शशिधरराव वर जाईपर्यंत हॉलचं दार बंद झालं होतं. तो तास त्यांनी बाहेरच्या सोफ्यावर काढला. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना सारखंच मिळालं.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी घरीच सराव करायचं ठरवलं. समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या, शिवगंगाला बसवलं, आमटी बरी झाल्याचं सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "या घरातल्या वस्तूंबद्दल तुला काही सांगावंसं वाटतं का?" आणि ते गप्प बसले.

शिवगंगाने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने माळ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. दीड मिनिट गेलं.

"मला ठावं हुतं, एक दिवस तुमी इचारणार," ती म्हणाली. "तुमचा लग्नातला कोट भांडीवालीला दिला म्या. तीन वर्सं झाली. झाकणासकट पातेलं आलं त्यावर. रविवारी पोहे खाताय न्हवं, तेच."

शशिधरराव सुन्न झाले. तंत्र अचूक चाललं होतं, यात वादच नाही. पण उद्या सकाळी तोच कोट घालून ते चौकशीला बसणार होते. गेली तीन वर्षं तो इस्त्रीवाल्याने हरवला असं धरून त्यांनी त्या इस्त्रीवाल्याशी बोलणं टाकलं होतं. आता त्याच्याशी पुन्हा बोलणं कसं सुरू करायचं, हा एक वेगळाच प्रश्न येऊन पडला.

खालच्या मजल्यावर पिराजी हवालदार राहायचे. नोकरीतून निवृत्त झाले होते, सवयीतून नव्हते. त्यांना हे तंत्र जिन्यातच समजावून सांगावं लागलं.

"खुर्चीवर बशीवताय?" पिराजी म्हणाले. "पाणी देताय? घरची खुशाली इचारताय? मग सोयरीकच जुळवा की."

"हवालदार, ही शास्त्रीय पद्धत आहे."

"असंल की. पर मी येतो उद्या. आत न्हाय येत, भायेर बसतो नुसता. तुमचं शास्त्र आत चालू द्या."

मंगळवारचा पहिला घोटाळा खुर्च्यांचा झाला. चौकशीला शांत खोली हवी होती. बझारात रिकामी एकच, जिथे दिवाळीचे आकाशकंदील आणि जुन्या जाहिरातीतली पुठ्ठ्याची उंच बाई ठेवली होती. भिंतीपलीकडे आइस्क्रीमच्या फ्रीजचं यंत्र होतं, ते दर सात मिनिटांनी घरघरायचं. तेही चालण्यासारखं होतं. पण खुर्च्या नव्हत्या. शशिधररावांनी प्लॅस्टिक विभागातून दोन लाल खुर्च्या उचलल्या. बिलाच्या काउंटरवरची दानेश्वरी म्हणाली, बिलाशिवाय माल हलवायचा तर व्यवस्थापकाची सही लागते. व्यवस्थापक गणपतीपुळ्याला गेले होते. शशिधरराव म्हणाले, नंतर बघू. संध्याकाळच्या घट-अहवालात शेंगदाण्यांच्या खाली नवीन नोंद आली : 'लाल खुर्च्या, दोन नग, गहाळ.' ज्या माणसाने घट शोधायची त्याच्याच बुडाखालून नवी घट निघाली होती. ती नोंद काढायला जो अर्ज करावा लागतो त्यात 'वस्तू कुठे सापडली' असा रकाना आहे, आणि तिथे काय लिहावं हे शशिधररावांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

मग पहिला माणूस आत आला. कृष्णात, दारावरचा राखणदार. शशिधररावांनी पाऊसपाणी विचारलं, पोरांची शाळा विचारली आणि मग म्हणाले, "कृष्णात, शेंगदाण्यांच्या बाबतीत तुला काय वाटतं?" आणि ते गप्प बसले.

इथे पुण्याच्या सरांचा एक हिशेब चुकला होता. कोल्हापुरात माणूस समोर बसून गप्प राहिला तर त्याचा अर्थ एकच होतो.

"कोण गेलं?" कृष्णात उभा राहत म्हणाला.

"कुणी नाही. बस."

"सांगा की साहेब. मी घट्ट हाय. आमच्या घरातलं कोण हाय का?"

शशिधररावांनी नुसती मान हलवली, कारण बोललं की तंत्र मोडतं. ती मान कृष्णातला हो वाटली. त्याने तिथूनच घरी फोन लावला, आई धडधाकट असल्याचं तिच्याच तोंडून ऐकलं आणि त्या आनंदात त्याने कबूल केलं की दुपारी दोन ते तीन तो उभ्याउभ्या झोपतो. डोळे उघडे ठेवून झोपायला तो दोन वर्षं शिकला होता. शेंगदाण्यांबद्दल मात्र त्याला काही ठाऊक नव्हतं.

दानेश्वरीला शांतता एक मिनिटही सोसली नाही. तिने कबूल केलं की संगमेश साहेबांच्या वाढदिवसाचा केक तिने आदल्या दिवशीचा आणला होता. बुधवारी दुपारपर्यंत अकरा कबुल्या जमल्या. कुणी देवळातून चप्पल बदलून आणली होती, कुणी मेव्हण्याचं लग्न मोडलं होतं. एकाने तर दहावीच्या परीक्षेचं सांगितलं. शशिधररावांची वही भरली. साऱ्या राजारामपुरीची पापं तिच्यात होती, फक्त एक शेंगदाणा नव्हता.

बाहेर स्टुलावर पिराजी हवालदार मांडीवर जुनी काठी ठेवून बसले होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, नुसते येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहिले. बुधवारी चारच्या सुमाराला कॉलेजातला एक तरुण दारापर्यंत गेला, परत आला, शर्टाच्या आतून दोन सेंटच्या बाटल्या काढून हवालदारांच्या पायाशी ठेवल्या आणि पळाला. आठवड्यातली ती एकमेव उघडकीला आलेली चोरी. संगमेशने हवालदारांना चहा पाजला. शशिधरराव त्या चहाला गेले नाहीत. त्यांना काम होतं, असं त्यांनी सांगितलं.

गुरुवारी गोदामातला केरबा आत आला. खुर्चीत बसताच म्हणाला, "लिवा माझं नाव."

शशिधररावांनी पेनाचं टोपण काढलं. "शेंगदाणे तू घेतलेस?"

"व्हय. चाळीस किलो म्हणताय न्हवं? तेवढंच."

"कसे नेलेस?"

"ते तुमीच लिवा की. तुमी शिकून आलाय."

शशिधररावांनी उतावीळपणे छापील फॉर्म काढला. निम्मा भरल्यावर तारखेच्या रकान्यात त्यांना आठवलं की केरबा कामावर लागून फक्त पाच आठवडे झाले होते. शेंगदाणे आठ महिने कमी येत होते.

"केरबा, खरं बोल. तू घेतले नाहीस."

"न्हाय घेतलं," केरबा शांतपणे म्हणाला. "पर तुमी एवढं पुण्याला जाऊन आलाय. तीन दिस झालं, तोंड उतरलंय तुमचं. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं माणसाला? मी काय, गडीमाणूस. उद्या हुपरीला चांदीच्या कामाला लागंन."

शशिधररावांना त्याला शिव्या घालाव्यात की मिठी मारावी हे कळेना. फ्रीजचं यंत्र घरघरलं. त्यांनी फॉर्म फाडला आणि केरबाला चहाला नेलं.

शुक्रवारी आपांना बोलवण्यावाचून इलाज राहिला नाही. मेहमुदाआपा आल्या, पदराला हात पुसले आणि लाल खुर्चीत बसल्या. शशिधररावांनी नुजहतची चौकशी केली. ती बरी होती. मग त्यांनी विचारलं, "आपा, शेंगदाण्यांच्या बाबतीत तुम्हाला काय वाटतं?" आणि ते गप्प बसले.

आपाही गप्प बसल्या.

एक मिनिट झालं, दोन झाली. यंत्र घरघरून थांबलं. पुठ्ठ्याची बाई दोघांकडे बघून हसत होती. आपांना शांततेचं काही वाटत नव्हतं. अण्णांच्या दुकानात दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना त्यांनी आयुष्यभर अशीच शांतता ऐकली होती. यंत्र दुसऱ्यांदा घरघरलं. शेवटी शांतता भरायला कुणीतरी जाणारच होतं, ते शशिधररावच गेले.

"आपा, पहिल्या वर्षी गोडेतेलाचा डबा माझ्याच हातून सांडला होता. तुम्ही अण्णांना सांगितलंत की मांजरानं पाडला."

"ठावं हाय की मला," आपा म्हणाल्या. "मीच पुसलं हुतं ते."

"मी कधी आभारही मानले नाहीत."

"त्याचं काय न्हाय, शशी." त्या उठल्या. "मी दाणं नेलं असतं तर पयल्यांदा तुला सांगितलं असतं. पर तू मला ह्या खुर्चीत बशीवलंस. ते बरं न्हाय वाटलं बघ."

त्या निघून गेल्या. शशिधररावांना इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, कोट गेल्याचं कळलं तेव्हाही नाही. प्रमाणपत्र त्या क्षणी समोर असतं तर त्यांनी ते उलटं करून ठेवलं असतं. बसल्याबसल्या त्यांनी पुण्याहून आणलेली फाइल चाळली, आणि गुलाबजामच्या फेरीत हुकलेला तास शेवटच्या पानावर छापलेला सापडला. मथळा होता 'खोटी कबुली'. खाली लिहिलं होतं : 'कबुली मिळाली म्हणजे शोध लागला असे नव्हे. माणसांना विचारण्याआधी माल कसा जातो ते जागेवर उभे राहून पाहा.'

चार दिवसांत त्यांनी सतरा माणसांना विचारलं होतं. शेंगदाण्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

शनिवारी बझार उघडल्यापासून ते आपांच्या काउंटरसमोरच्या लोणच्यांच्या फडताळाआड उभे राहिले. आपांनी त्यांना पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पहिलं गिऱ्हाईक आलं. दाणा चावला, मान डोलावली. आपांनी पिशवी भरली, काट्यावर ठेवली, स्टिकर आलं, ते चिकटवलं. मग पिशवीचं तोंड बांधायच्या आधी त्यांचा उजवा हात पोत्यात गेला आणि मूठभर दाणे वर पडले. दुसरं गिऱ्हाईक आलं. काटा, स्टिकर, मूठ. तिसरं आलं. आपा बोलत होत्या शेजारच्या बाईशी, बघत होत्या दाराकडे, आणि हात आपला आपण पोत्यात जाऊन येत होता.

शशिधररावांना धक्का बसला, पण आपांचा नव्हे. आठ महिने ते दिवसातून दहादा इथून जात होते. ती मूठ त्यांना कधीच दिसली नव्हती, कारण त्यात दिसण्यासारखं काय आहे? वर मूठ घातल्याशिवाय पिशवी बांधायची नाही, हे अण्णांच्या दुकानातलं पहिलं शिक्षण. पूर्वी काटा साधा होता आणि पोतं संपलं की दुसरं फोडायचं, एवढाच हिशेब होता. नव्या काट्याला स्टिकरच्या आतलं तेवढं ठाऊक होतं.

एक वाजता आपा जेवायला गेल्या आणि नेहमीप्रमाणे शशिधरराव काउंटरवर बसले. कुरुंदवाडच्या एक बाई आल्या. एक किलो. शशिधररावांनी स्टिकर लावलं आणि आता हात आवरायचा असं पक्कं ठरवलं.

"पावणं, वर घाला की," बाई म्हणाल्या.

"बाई, घातली की आधीच," शशिधरराव म्हणाले, आणि खाली पाहिलं तर खरंच घातली होती. त्यांनी पुढची मूठ पिशवीत न टाकता काट्यावर टाकली. आपांची मूठ पन्नास ग्रॅमची असेल. त्यांची स्वतःची सत्तर भरली.

पाच वाजता संगमेशच्या केबिनमध्ये ते फॉर्म घेऊन उभे राहिले. कोपऱ्यात अण्णा बसले होते. त्यांच्याखाली लाल खुर्ची होती, कुणी आणून दिली कोण जाणे. फॉर्मवर 'दोषी व्यक्तीचे नाव' या रकान्यात शशिधररावांनी लिहिलं होतं : शशिधर घुगरे. त्याखाली सगळं सविस्तर.

संगमेशने वाचलं. "काका, म्हणजे आठ महिने तुम्ही दोघं मिळून माल फुकट वाटताय?"

"दोघं कशाला?" अण्णा म्हणाले. "मी बी घालतो की संध्याकाळी. माझंच सांगणं हाय ते. माझं नाव वर लिव, शशी."

"पप्पा, हे नुकसान आहे. सरळ सरळ नुकसान."

शशिधरराव उत्तर देणार होते. पाटी गेलीच होती, आता बोलायला हरकत नव्हती. पण त्यांना काही सुचेना, म्हणून ते गप्प बसले. अण्णाही काही बोलले नाहीत. केबिनमध्ये फक्त पंख्याचा आवाज राहिला. संगमेशने फॉर्म पुन्हा वाचला, टेबलावरचं पेन इकडून तिकडे ठेवलं, कानामागे खाजवलं.

"पाडव्याला गर्दी होती तेव्हा मी बसलो होतो त्या काउंटरवर," तो अखेर म्हणाला. "मी पण घातली. प्रत्येकाला. लक्षातच आलं नाही."

आठवड्यातली ही पहिली कामाची कबुली होती. फक्त ती मालकाची होती. संगमेशने मूठ चालू ठेवायला सांगितलं, ती कॉम्प्युटरमध्ये कशात दाखवायची यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि शेवटी ती 'नमुना वाटप' या सदरात बसली. चौकशी अधिकाऱ्याचं काय, हे कुणी काढलं नाही. खुर्च्या दोन नग अजून गहाळच आहेत.

घरी जायच्या आधी शशिधरराव शेंगदाण्यांच्या काउंटरवर गेले. आपांना सगळं समजलं होतं, बझारात काही लपून राहत नाही.

"अर्धा किलो द्या, आपा."

आपांनी पिशवी भरली, काट्यावर ठेवली, स्टिकर चिकटवलं. मग दोरी घेतली आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधून त्यांच्यापुढे सरकवली. हात पोत्यात गेला नाही.

शशिधरराव पिशवीकडे बघत उभे राहिले. त्यांना पुण्याची एकही गोष्ट आठवली नाही.

"चुकलं माझं, आपा," ते म्हणाले. "खुर्चीत बसवायला नको होतं. मला ठाऊक होतं तुम्ही घेतले नाहीत. तरी बसवलं."

मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. आपांनी त्यांना थांबायची खूण केली. पिशवी परत ओढली, गाठ सोडायला नखाने दोरी खरवडली. गाठ पक्की होती, त्यांनीच बांधलेली. ती सुटायला जरा वेळ लागला.

मग त्यांनी पोत्यात हात घातला आणि वर मूठ टाकली. थोडं थांबून आणखी एक टाकली.

"शिवगंगाला सांग, कूट करून ठेव म्हणावं," त्या म्हणाल्या. "रविवारी पोह्यावर घालायला."